पुनरुक्तीचे सामर्थ्य

निबंध तपासताना मराठीच्या शिक्षकाची लाल शाई सर्वांत अधिक कोठे खर्च होत असेल, तर ती पुनरुक्तीवर. एकच विचार दोनदा आला, एकच शब्द एका परिच्छेदात चारदा आला, की समासात शेरा पडतो आणि अर्धा गुण जातो. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रानेही पुनरुक्तीची गणना दोषांतच केलेली आहे. आणि तरीही त्याच शाळेत, दोन वर्ग पलीकडे, पाढ्यांचा घोष चालू असतो. खालच्या वर्गातील मुले कित्ता गिरवीत असतात. संध्याकाळी त्याच मुलांच्या घरी आजी तेच नाम एकशे आठ वेळा जपत असते. म्हणजे निबंधात जो दोष ठरतो, तोच अन्यत्र अभ्यास ठरतो, साधना ठरते. पुनरुक्ती केव्हा दोष असते आणि केव्हा सामर्थ्य, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या वेळी हा प्रश्न मनात येण्याचे निमित्त मात्र साहित्याचे नाही, संगीताचे आहे. तेही आपल्या घरांतून सहसा ऐकू न येणाऱ्या संगीताचे. आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक तरुण मध्यंतरी भेटला. हल्ली काय ऐकतोस, असे विचारताच त्याने जॅझ, क्राउटरॉक आणि ट्रिप-हॉप अशी तीन नावे घेतली; आणि या तिन्ही प्रवाहांचा मेळ जिच्यात आढळतो अशी, २००८ साली निघालेली, पोर्टिसहेड या इंग्रज वाद्यवृंदाची 'थर्ड' ही ध्वनिमुद्रिका अवश्य ऐका, असा आग्रह धरला. त्याचे वडील शेजारीच उभे होते. त्यांची तक्रार एका वाक्याची होती : "सर, यात तेच ते पुन्हा पुन्हा वाजते, यात ऐकायचे काय?"

तक्रार खोटी नाही. या संगीतात तेच ते पुन्हा पुन्हा वाजते, हे खरेच आहे. पण ते तसे का वाजते, कोणाला तसे वाजवावेसे वाटले, आणि कोणत्या परिस्थितीत, याचा मागोवा घेतला तर एक मोठी कहाणी हाती लागते. ती कहाणी गाण्याइतकीच बाप-लेकांच्या नात्याची आहे, म्हणून या सदरात ती सांगावीशी वाटते.

या तीन प्रवाहांपैकी जॅझ आपल्याला अगदीच परका नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून, विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे संगीत उदयास आले. आणि १९३० नंतरच्या दशकात ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागले. मुंबईच्या अशा वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने असत. त्यांतील अनेकजण पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधील गाण्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी पायाने ठेका धरला असेल, तेव्हा त्या रचनांमागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा हात होता, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी आले असेल.

जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे. एक चाल घ्यावयाची, आणि ती दर आवर्तनाला निराळ्या वाटेने फिरवून आणावयाची. ख्यालगायन ऐकून ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. येथे पुनरुक्ती असते, पण ती झाकलेली असते. बंदिशीचा मुखडा पुन्हा पुन्हा येतो, तरी श्रोत्याचे लक्ष मधल्या विस्तारावरच खिळलेले असते.

ती झाकलेली पुनरुक्ती उघड करण्याचे एक धाडस १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये झाले. माइल्स डेव्हिस हा त्या काळचा अग्रगण्य ट्रंपेटवादक. त्याने 'इन अ सायलेंट वे' ही ध्वनिमुद्रिका एका दिवसाच्या बैठकीत वाजविली, आणि तिचा निर्माता टिओ मॅसेरो याने नंतर ध्वनिफीत कापून, जोडून तिला आकार दिला. दुसऱ्या बाजूचा आरंभीचा संथ भाग त्याने जसाच्या तसा अखेरीस पुन्हा जोडला. वादकांनी तो दुसऱ्यांदा वाजविलेला नाही. तीच फीत पुन्हा येते. आणि तरीही ऐकणाऱ्याला तो भाग दुसऱ्यांदा निराळा वाटतो. सूर तेच आहेत, पण दरम्यान श्रोता बदललेला आहे. तीन वर्षांनी डेव्हिसने 'ऑन द कॉर्नर' (१९७२) काढली. तीत तर सारा भर एकाच अखंड ठेक्यावर होता, आणि त्या ठेक्यात पूर्व बंगालात जन्मलेल्या बादल रॉय यांचा तबला होता. त्या वेळच्या समीक्षकांनी ती झिडकारली. त्यांचाही आक्षेप बव्हंशी आमच्या वर उल्लेखिलेल्या वडिलांचाच होता.

आता जर्मनीकडे वळू. कारण या कहाणीचे मर्म तेथे आहे.

१९३८ साली ड्युसेलडॉर्फ शहरी नाझी राजवटीने 'अधःपतित संगीत' या नावाचे एक प्रदर्शन भरविले होते. त्याच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सॅक्सोफोन वाजविणाऱ्या एका कृष्णवर्णीय वादकाचे विद्रूप चित्र होते, आणि त्याच्या कोटावर ज्यूंचा तारा डकविलेला होता. जॅझ आणि ज्यू संगीतकारांचे सारे कर्तृत्व, दोन्हींना एकाच चित्राने बहिष्कृत करण्याची ही युक्ती होती. दुसरीकडे, जी गाणी जर्मन मातीतील म्हणून गौरविली जात, ती लोकगीते आणि ती संचलनगीते, राजवटीने आपल्या कामाला जुंपली. १९४५ मध्ये सर्व कोसळले, तेव्हा शहरे जशी भुईसपाट झाली होती तसेच हे गाण्याचे घरही राहण्यालायक उरले नव्हते. इमारती पुन्हा बांधता आल्या. पण ज्या गाण्यांच्या तालावर वडिलांनी पावले टाकली होती, ती गाणी मुलांनी कोणत्या तोंडाने म्हणावी?

आणि वडील तर बोलत नव्हते. युद्धकाळात तुम्ही कोठे होता, काय करीत होता, या प्रश्नाला असंख्य जर्मन घरांतून मौन हेच उत्तर होते. तेच शिक्षक, तेच न्यायाधीश, तेच अधिकारी पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर बसले होते. १९३७ साली बर्लिनमध्ये जन्मलेला इर्मिन श्मिट हा विद्यार्थिदशेत शाळेच्या नियतकालिकाचे काम पाहत असे. आपल्या शिक्षकांचा नाझी भूतकाळ त्याने त्यातून उघड केला, आणि त्याबद्दल त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. शाळेच्या कारभारात ज्याचे आयुष्य गेले आहे अशा माणसाला या हकीगतीपाशी थांबावेच लागते. मुलाचा प्रश्न बेशिस्त म्हणून निकालात काढता येतो; पण त्यामुळे प्रश्नाचा निकाल लागत नाही. तो दुसऱ्या वाटेने बाहेर येतो.

श्मिटच्या बाबतीत ती वाट संगीताची होती. त्याने रीतसर शिक्षण घेतले आणि वाद्यवृंदाचा संचालक झाला. कोलोन येथे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या नव्या संगीताच्या आचार्यापाशी तो शिकला. तेथे त्याचा सहाध्यायी होता होल्गर चुकाय. हा डान्झिगचा, युद्धानंतर ते शहर पोलंडकडे गेले आणि ग्दान्स्क झाले. १९६८ साली या दोघांनी कोलोनमध्ये एक वाद्यवृंद उभारला. त्याचे नाव 'कॅन'. चुकायचा शिष्य मिखाएल कारोली गिटार वाजवू लागला, आणि ढोलकांच्या संचावर बसला याकी लीबेत्साइट.

हा लीबेत्साइट जॅझमधून आलेला. त्या काळी युरोपात जॅझची एक शाखा पूर्ण मुक्ततेच्या शोधात होती : ताल नको, आवर्तन नको, ठरलेली चाल नको. लीबेत्साइट त्यातील नाणावलेला वादक. पण त्या स्वातंत्र्याचाच त्याला जाच होऊ लागला. कारण त्यात एक गोष्ट सक्त मना होती, ती म्हणजे तेच पुन्हा वाजविणे! असे सांगतात, की एका कार्यक्रमानंतर कोणा अनोळखी श्रोत्याने त्याला गाठले आणि तू एकसुरी वाजव, असे बजावले. लीबेत्साइटने ते मनावर घेतले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याने या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला : एक ठेका पकडावयाचा, आणि तो अशा निष्ठेने धरून ठेवावयाचा की त्याच्या आतील बारीकसारीक हालचाली श्रोत्याला दिसू लागाव्यात.

'कॅन'चे काम पाहण्यासारखे होते. कोलोनजवळच्या वाइलर्सविस्ट गावातील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात त्यांनी आपली कार्यशाळा थाटली, आणि प्रतिध्वनी मोडण्यासाठी भिंतींवर सैन्यातील जुन्या गाद्या लावल्या. तेथे तासन् तास वाजवीत राहावयाचे आणि ते सर्व दोन मार्गिकांच्या साध्या यंत्रावर मुद्रित करावयाचे. मग चुकायने फिती ऐकून, कापून, जोडून त्यांतून रचना घडवावयाची. न्यूयॉर्कमध्ये मॅसेरो जे करीत होता, तेच येथे या मंडळींनी आपल्या परीने चालविले होते. रचनेचे कर्तृत्व एका व्यक्तीच्या नावे लागत नसे. ते सर्वांच्या नावे असे. 'नेता' या शब्दाने ज्या देशाचा घात केला, तेथील तरुणांनी नेत्यावाचून चालणारा वाद्यवृंद काढावा, हा योगायोग नव्हे. १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गात असलेला दामो सुझुकी हा जपानी तरुण चुकाय व लीबेत्साइट यांच्या दृष्टीस पडला, आणि त्याच रात्री तो 'कॅन'च्या कार्यक्रमात गायला! १९७१ च्या 'टागो मागो'मधील एक रचना तबकडीची एक पूर्ण बाजू, सुमारे अठरा मिनिटे व्यापते. आणि तीत लीबेत्साइटचा ठेका जवळपास न बदलता चालतो. पुढच्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'एगे बाम्यासी'. तुर्की भाषेत याचा अर्थ एजियन प्रांतातील भेंडी! मुखपृष्ठावर भेंडीच्या भाजीचा डबा आहे. तुर्की मजूर जर्मनीत कामाला येऊन राहिले होते, त्यांच्यामागोमाग त्यांच्या दुकानांतील असले डबेही आले होते. ज्यांना वडिलांच्या घरातील ताट नको होते, त्यांनी शेजाऱ्याच्या भाजीचे नाव आनंदाने घेतले.

जेथे ते कुप्रसिद्ध प्रदर्शन भरले होते, त्या ड्युसेलडॉर्फमध्येही १९७१ साली क्लाउस डिंगर आणि मिखाएल रोटर या दोघांनी 'नॉय!' हा वाद्यवृंद काढला. नॉय म्हणजे नवे. डिंगरचा ठेका म्हणजे चार मात्रांची सरळ, अखंड दौड. लांबच लांब सपाट रस्त्यावर वाहन एका गतीने चालावे तशी ती चालते. सम येते आणि जाते, पण कोठे थांबत नाही. 'नॉय!'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील (१९७२) आरंभीची दहा मिनिटांची रचना या ठेक्याचा नमुना मानली जाते. यातील रोटरची एक गोष्ट आपल्याला विशेष वाटावी अशी आहे. त्याच्या बालपणाची काही वर्षे, १९६० नंतर, कराचीत गेली. तेथे रस्त्यावरच्या वादकांचे आदि-अंत नसल्यासारखे चालणारे संगीत त्याच्या कानांवर पडले, आणि त्याचा ठसा आपल्यावर कायम राहिला, असे त्याने पुढे सांगितले आहे. या जर्मन रस्त्याचा एक फाटा असा सिंधच्या किनाऱ्यापर्यंत जातो.

'नॉय!'ची आणखी एक हकीगत मौजेची आहे. दुसरी ध्वनिमुद्रिका (१९७३) करताना पैसे संपले आणि एक बाजू रिकामी राहिली. तेव्हा त्यांनी आपलीच आधी निघालेली छोटी तबकडी कमी-अधिक वेगाने फिरवून मुद्रित केली आणि ती बाजू भरून काढली. पुष्कळांना ती फसवणूक वाटली. पण मुद्रित झालेली तबकडी हेच एक वाद्य होऊ शकते, ही कल्पना त्या अडचणीतून पुढे आली. तीच कल्पना पुढे इंग्लंडातील ब्रिस्टलमध्ये, निराळ्या वाटेने, पुन्हा भेटते.

ब्रिस्टल हे बंदराचे शहर. अठराव्या शतकात आफ्रिकेतील माणसांना गुलाम करून अटलांटिकपार नेणाऱ्या व्यापारावर ते श्रीमंत झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच गुलामांचे वंशज वेस्ट इंडीजमधून मजुरीसाठी ब्रिस्टलला येऊन राहिले. त्यांना १९६३ पर्यंत तेथील बसवर चालक वा वाहक म्हणून काम मिळत नसे. त्या वर्षी त्यांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो नियम मोडून काढला. जमैकातून येताना त्यांनी एक प्रथा आणली होती : मोठमोठे ध्वनिवर्धक रचावयाचे, निवडक तबकड्या लावावयाच्या, आणि त्यांवर बोलत, गात रात्र जागवावयाची. १९८० नंतरच्या दशकात या शहरातील गोरी आणि काळी मुले या मेळ्यांत एकत्र आली. त्यांतून 'मॅसिव्ह अटॅक' हा गट निघाला, आणि १९९१ मध्ये त्याची 'ब्लू लाइन्स' ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातील पहिलेच गीत बिली कॉबहॅम या जॅझ ढोलवादकाच्या १९७३ च्या एका रचनेतील तुकड्यावर उभे आहे. तो तुकडा उचलला, फिरता ठेवला, आणि त्यावर नवे गीत बांधले. ट्रिप-हॉप ते हेच : संथ लयीचा, पुन्हा पुन्हा फिरणारा जुन्या तबकडीचा तुकडा, आणि त्यावर जवळून कानात बोलावे तसा एकाकी स्वर.

येथे नावांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. 'क्राउट' हा इंग्रजांनी जर्मनांना हिणविण्यासाठी वापरलेला शब्द. आंबविलेल्या कोबीवरून आलेला. क्राउटरॉक हे नाव ब्रिटिश वृत्तपत्रांनी रूढ केले. 'ट्रिप-हॉप' हे नाव १९९४ साली लंडनच्या एका संगीतविषयक मासिकाने दिले; ब्रिस्टलच्या मंडळींना ते कधीच रुचले नाही. आपण कोण आहोत याचा शोध जे घेत होते, त्यांचे नामकरण प्रत्येक वेळी दुसऱ्यांनीच केले. जन्मभूमीपासून दूर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या अनुभवाची फोड करून सांगावयास नको.

'ब्लू लाइन्स'चे मुद्रण चालू असता त्या कार्यशाळेत एक विशीचा पोरगा फिती लावण्याचे आणि हरकाम्याचे काम करीत होता. त्याचे नाव जेफ बॅरो. ब्रिस्टलजवळच्या पोर्टिसहेड गावात तो वाढला, म्हणून त्याच्या वाद्यवृंदाचे नावही तेच पडले. त्याच्या जोडीला गायिका बेथ गिबन्स आणि वयाने बराच वडील असलेला जॅझ गिटारवादक एड्रियन अटली. १९९४ च्या 'डमी' या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने त्यांना कीर्ती दिली. पुढील वर्षी तिला मर्क्युरी पारितोषिक मिळाले. त्यांची एक पद्धत ऐकण्याजोगी आहे. दुसऱ्यांच्या तबकड्यांतील तुकडे तर ते घेतच. पण स्वतः वाजविलेले संगीत तबकडीवर उतरवून घेत, ती तबकडी जमिनीवर टाकून तिच्यावरून चालत, आणि मग ती खरखरीत झालेली तबकडी फिरवून तिच्यातील तुकडे वापरीत. आपल्याच आवाजाला त्यांनी जुनेपणा आणला. ज्याला वारशाने जुने मिळाले नाही, तो नव्याचेच जुने करतो!

१९९७ च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर अकरा वर्षे गेली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये 'थर्ड' आली. ज्या खरखरीत तबकडीने त्यांना ओळख दिली होती, ती या वेळी त्यांनी बाजूला ठेवली. लोकांनी ज्यासाठी वाखाणले त्याचीच पुनरुक्ती करणे सर्वांत सोपे होते. तेवढे मात्र त्यांनी केले नाही. पुनरुक्तीचे मर्म जाणणाऱ्याला कोणती पुनरुक्ती टाळावी हेही कळते, याचे हे उदाहरण आहे.

पहिल्या रचनेचे नाव 'सायलेन्स', म्हणजे मौन. आरंभी एक पुरुष पोर्तुगीज भाषेत काही वाक्ये बोलतो. आपण जे देतो तेच फिरून आपल्याकडे येते, असा त्यांचा आशय. गोव्यातील आपल्या ज्येष्ठ वाचकांना ती भाषा ओळखीची वाटेल. मग ढोलांची दौड सुरू होते, आणि डिंगर व लीबेत्साइट यांचे ऋण लपून राहत नाही. गिबन्सचा स्वर बराच वेळ येतच नाही. आणि येतो तो त्या दौडीशी स्पर्धा न करता, चालत्या गाडीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाच्या शांतपणे. शेवटी रचना रंगात आलेली असता मध्येच, वाक्य अर्धवट तोडावे तशी, बंद पडते. 'द रिप' गिटारच्या साध्या छेडण्याने सुरू होते. तीच सुरावट नंतर विद्युत्-वाद्याकडे जाते. गिबन्स एक सूर धरते, आणि तो सूर लांबत असतानाच खालून जर्मन दौड सुरू होते. माणसाचा कंठ कोठे संपला आणि यंत्र कोठे सुरू झाले हे कळत नाही. 'मशीन गन'मध्ये याच्या उलट : यंत्राचे कोरडे, कठोर आघात आणि त्यांच्यापुढे उघडा पडलेला एक कातर स्वर. दोघेही माघार घेत नाहीत. अखेरच्या रचनेचा शेवट धुक्यात जहाजाचा भोंगा वाजावा तशा दीर्घ, घोगऱ्या नादाने होतो. ब्रिस्टलच्या बंदराची आठवण त्यातून व्हावी, असे निदान मला तरी वाटले.

'तेच ते' वाजते, या तक्रारीला आता उत्तर देता येईल. आपल्याकडे स्वतंत्र तबलावादन होते तेव्हा सारंगीवादक वा पेटीवादक लेहरा धरतो. तीच एक ओळ तो अर्धा तास, पाऊण तास वाजवीत राहतो. त्याला कोणी कल्पनादरिद्री म्हणत नाही. कारण त्याची ओळ स्थिर आहे म्हणूनच तबलजीचे धाडस कळते. सम कोठे आहे हे पक्के ठाऊक असल्यावाचून समेपासून दूर जाण्यात अर्थ नसतो. 'थर्ड' ऐकताना ढोलांना लेहरा समजावे आणि गायिकेच्या स्वराकडे, त्याच्या ओढीकडे, थांबण्याकडे लक्ष ठेवावे. मग ऐकावयाचे काय, हा प्रश्न उरत नाही. जॅझने या मेळाला विस्ताराची सवय दिली, जर्मनांनी टिकून राहण्याची, ब्रिस्टलने स्मरणाची. तिन्ही एकजीव झाले. कारण तिघांनाही आवर्तनाचे जोते मान्य होते. जोत्यावाचून केलेली सरमिसळ भेसळ ठरते. तिच्यात सर्व पदार्थ असतात, चव कशाचीच नसते.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या पुनरुक्तीमागील गरज. वडिलांचे गाणे जसेच्या तसे घेता येत नाही, आणि गाण्यावाचून राहताही येत नाही, अशा पेचात सापडलेली पिढी काय करते? ती अगदी पहिल्यापासून सुरुवात करते. हृदयाचा ठोका, चालण्याची लय, यांच्यापासून. तो एक ठेका आपला आहे अशी खात्री पटेपर्यंत ती तो पुन्हा पुन्हा वाजविते. मुळाक्षर हातात बसेपर्यंत मूल गिरवीत राहते, ते याच कारणाने. जर्मनीच्या मुलांनी तेच केले. ब्रिस्टलमध्येही वारशाचा हिशेब चुकला नाही. गुलामांच्या व्यापाऱ्याचे, एडवर्ड कोल्स्टनचे, नाव असलेल्या शहरातील मोठ्या सभागृहात 'मॅसिव्ह अटॅक' वर्षानुवर्षे गायला तयार नव्हते. जून २०२० मध्ये लोकांनी त्या व्यापाऱ्याचा पुतळा ओढून बंदराच्या पाण्यात टाकला, आणि त्याच वर्षी सभागृहाचेही नाव बदलले. जो प्रश्न इर्मिन श्मिटने शाळेच्या नियतकालिकात विचारला, तोच हा प्रश्न होता. बारा गावचे पाणी पिऊन तो येथे आला होता, एवढेच.

आपली मुले आपल्याकडून सर्वच्या सर्व घेणार नाहीत. काही घेतील, काही शेजाऱ्याकडून उचलतील, आणि काही आपल्याला न कळणाऱ्या ठेक्यावर बसवतील. ती काय ऐकतात हे एकदा त्यांच्याशेजारी बसून ऐकण्यास पाऊण तास लागतो. 'थर्ड' त्याहून फारशी मोठी नाही. आवडलीच पाहिजे असे नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी काही विचारले, तर उत्तर द्यावे. ते अडचणीचे असले तरी द्यावे. जर्मनीतील घराघरांत ते दिले गेले असते, तर हे संगीत कदाचित जन्मालाच आले नसते. पण ती घरे अधिक सुखी झाली असती.